प्लॅस्टिकमधला दाखला

आदिलाबादेत जून निम्मा झाला की कचेरीकडच्या रस्त्याला एक वास सुटतो. थोडा गोडसर, थोडा जळका. लॅमिनेशनच्या यंत्रातून नुकत्याच बाहेर आलेल्या कोमट प्लॅस्टिकचा तो वास. बाकीच्यांना तो जाणवतो की नाही मला माहीत नाही. मला मात्र कॉलेजला जाताना स्कूटी त्या वळणावर आली की जाणवतोच, आणि मग कळतं की प्रवेशाचे दिवस आले.

आमच्या भागात या दिवसांत दोन कामं बरोबरीनं चालतात. शेतात कपाशीची सरकी टोबायची आणि शहरात कागद गोळा करायचे. त्यामुळे झेरॉक्सच्या दुकानापुढे उभ्या असलेल्या बापांच्या पायांना काळी माती असते आणि पोरींच्या हातात नव्याकोऱ्या पारदर्शक फायली. गर्दीत कुणाची मराठी, कुणाची तेलुगू, कुणाची गोंडी, आणि दुकानदाराशी बोलायला सगळ्यांची मिळून एक हिंदी. प्रश्न मात्र सगळ्या भाषांत एकच असतो : काय काय लागतं?

मी ज्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, तिथं या दिवसांत वर्ग भरत नाहीत. मग आम्हा शिक्षकांना पाळीपाळीनं प्रवेशाच्या मदतकेंद्रावर बसवतात. म्हणजे व्हरांड्यात एक टेबल, एक संगणक, एक कुरकुरणारा पंखा आणि समोर लांबच लांब रांग. माझे सहकारी या कामाला कंटाळतात. माझी पाळी नसली तरी मी तिथं जाऊन बसते. 'काय काय लागतं' हा प्रश्न मला आवडतो. हा प्रश्न विचारणाऱ्यानं शिकायचं तर आधीच ठरवलेलं असतं. राहिलेले असतात ते फक्त कागद.

दहावीचा मेमो म्हणजे मार्कलिस्ट, इंटरचा म्हणजे बारावीचा मेमो, टीसी, चालचलणुकीचा दाखला, जातीचा, उत्पन्नाचा. आणि मागची काही वर्षं कुठं शिकलात, त्या त्या शाळेचे बोनाफाइड. त्यावरून ठरतं तुम्ही इथले की बाहेरचे. सीमेवरच्या माणसाला हा शेवटचा कागद जड जातो. घर इकडे, आजोळ पैनगंगेच्या पलीकडे, महाराष्ट्रात. परवाच एक आई कमरेवर हात ठेवून मला म्हणाली, "मॅडम, आमी इथलेच हावो. वावर इथं, घर इथं, रेशन इथं. पोरगी दोन वर्षं मामाकडं शिकली तं का परदेशी झाली?" मी म्हटलं, "नाही हो ताई, फक्त तिथल्या शाळेचाही कागद आणा." तर म्हणे, "मामा आपल्या हातानं आणून देते. त्याच्याच्यानं हे झालं."

आणि हल्ली ते आकडे. अर्ज भरताना घरच्या फोनवर मेसेज जातो, त्यातले आकडे लगेच इथं टाकावे लागतात. फोन घरी, घर शेतात. गेल्या आठवड्यात एका मुलीनं माझ्या टेबलाशी उभं राहून दुसऱ्याच्या फोनवरून आईला फोन लावला.

"माय, मेसेज आला काय पाय बरं."

"आला. इंग्लिशमंदी हाय."

"त्यातले आकडे सांग."

"मले कोठी आकडे येते वं? थांब... पयले बदक हाय. मंग अंडं. मंग अजून एक बदक. मंग काडी."

"काडी सरळ हाय का वाकडी?"

"डोकं वाकलेली हाय, इळ्यावानी."

"सात!" रांगेतलं एक पोरगं ओरडलं. तोवर वेळ संपली होती. पुन्हा मेसेज, पुन्हा बदकं. तिसऱ्या खेपेला सगळी रांग आपापल्या हातावर आकडे लिहून घेत होती आणि अर्ज पुढे सरकला तेव्हा पलीकडून फोनमधून आवाज आला, "झालं का? का अजून सांगू?" त्या आईचा चेहरा मी पाहिलेला नाही. पण त्या दिवशी मला घरी जाताना फार बरं वाटत होतं.

त्याच आठवड्यात एक बाप आपल्या मुलाची टीसी घेऊन आला. मी हात पुढे केला आणि माझ्या हातात एक कडक, चकचकीत, गुळगुळीत पान आलं. उन्हाचा कवडसा त्याच्यावरून छताला जाऊन नाचला.

"काका, हे कधी केलं?"

"आजच केलं मॅडम," ते अभिमानानं म्हणाले, "ताजं हाय."

मी त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. माझ्या डोळ्यांपुढे माझे बाबा उभे राहिले होते.

आमचं गाव गुडीहत्नूर मंडलात, हायवे सोडून आत. बाबा आधी दुसऱ्याच्या शेतात साल धरून राबत. मग सरकारकडून जमिनीचा एक तुकडा मिळाला आणि त्याचा कागद. आमच्या घराण्यात कुणाच्याही नावानं निघालेला तो पहिला कागद. बाबांनी तो कापडात गुंडाळून कणगीमागं भिंतीच्या कोनाड्यात ठेवला. पुढच्या उन्हाळ्यात काढला तर कापड तसंच, आत कागदाची नुसती चाळणी. उदईनं, म्हणजे वाळवीनं, खाल्ला होता. नकल काढायला बाबांना पटवारी, तहसील, पुन्हा पटवारी अशा किती चकरा माराव्या लागल्या ते आई अजून सांगते. मी तेव्हा जन्मलेली नव्हते. पण त्या उदईचं भय आमच्या घरात मी लहानाची मोठी होईपर्यंत नांदत होतं.

त्यामुळे आदिलाबादेत लॅमिनेशनचं यंत्र आलेलं बाबांनी जेव्हा पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्यांना काय वाटलं असेल याची मी कल्पना करू शकते. एका बाजूनं कागद आत जातो, दुसऱ्या बाजूनं बाहेर येतो, आणि आता त्याला ना पाणी लागणार, ना उदई. त्यांनी रेशन कार्ड केलं. माझं पोलिओचं कार्ड केलं. दहावीचा मेमो निकालाच्याच दिवशी केला. एका चुलत बहिणीच्या लग्नाची पत्रिका केली, कारण तिच्यात 'आपले विनीत' खाली त्यांचं नाव छापलेलं होतं. आई म्हणायची, "मले बी घाला एकदा त्या पलास्टिकात. मंग म्हातारी तरी नाई होनार." बाबा गंभीरपणे म्हणायचे, "तुले मावंल असं मशीन नाई आलं अजून."

इंटर झाल्यावर मी मामाकडे गेले. मामा नदीपलीकडे तालुक्याच्या गावी शाळेत शिक्षक. तिथल्या कॉलेजात बी.एस्सी. होती, मराठीतून समजावून सांगणारे शिक्षक होते आणि राहायला मामाचं घर. पहिलं वर्ष छान गेलं. मामी सकाळी मला भाकरी बांधून द्यायची, मामा संध्याकाळी माझ्या प्रयोगवहीतली फुलांची चित्रं बघून म्हणायचा, "पाकळ्या मोजून काढतेस का अंदाजानं?" उन्हाळ्यात त्याची बदली झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. होस्टेलमध्ये जागा आधी त्या राज्यातल्या मुलींना. मला परत यावं लागणार होतं, आणि आदिलाबादच्या कॉलेजात थेट दुसऱ्या वर्षात शिरावं लागणार होतं.

तेव्हा मला कळलं की पहिल्या वर्षाचा प्रवेश आणि मधूनच घेतलेला प्रवेश यांत किती फरक असतो. पहिल्या वर्षाला येणाऱ्या पोरांची कॉलेज वाट बघत असतं. बोर्ड लावतं, टेबल मांडतं. दुसऱ्या वर्षाला येणारा म्हणजे पंगत बसल्यावर आलेला पाहुणा. पान शिल्लक आहे का, ते आधी बघायचं. मग तो कुठून आला, तिथं काय काय जेवला, आणि इथल्या वाढपाशी ते जुळतं का, हेही विचारायचं.

पान होतं, एकच. आदिलाबादच्या कॉलेजात बॉटनीच्या दुसऱ्या वर्षात एक जागा रिकामी होती, कारण त्या जागेवरची मुलगी लग्न होऊन निर्मल गावी गेली होती. त्या जागेसाठी आणखी एक मुलगा येऊन गेला होता. ऑफिसच्या सुपरिंटेंडेंट मॅडम तेलुगू होत्या, आमच्याशी हिंदीत बोलायच्या. त्यांनी साफ सांगितलं, "जिसका कागज पहले पूरा, उसकी सीट. शनिवार तक."

काय काय लागतं? पहिल्या वर्षाचे सगळे पेपर पास. होते. अभ्यासक्रम जुळतो असं विभागप्रमुखांचं पत्र. मिळालं. तिकडच्या विद्यापीठाचं स्थलांतर प्रमाणपत्र. होतं. आणि जुन्या कॉलेजची टीसी, तिच्या पाठीवर 'दुसऱ्या वर्षात प्रवेश घेण्यास हरकत नाही' अशी ओळ, सही आणि शिक्का.

बाबांनी पिशवीतून टीसी काढून मॅडमच्या टेबलावर ठेवली. ती टेबलावर टक्कन वाजली.

मॅडमनी ती उलटी केली, सुलटी केली. पाठ कोरी होती. ओळही नव्हती, शिक्काही नव्हता. जुन्या कॉलेजनं लिहायचं राहून गेलं होतं आणि आम्हाला ते माहीत नव्हतं. "ये लिखवा के लाओ अम्मा," त्या मला म्हणाल्या. मग त्यांनी प्लॅस्टिकवरून नख फिरवलं आणि थांबल्या. "लेकिन इसपे मोहर कैसा मारते वो लोगां?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. विहारापाशी बसलेल्या तात्यांनी विचारलं, "जयभीम. कुठी निघाले बापलेक?" बाबा म्हणाले, "शिक्का माराले." जसं काही शेजारच्या गावी पीठ दळायला चाललो होतो.

मी बसमध्ये बाबांशी बोलले नाही. खिडकीतून पैनगंगा गेली. पाणी गढूळ, पुलाखाली म्हशी डुंबत होत्या. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. जागा गेली तर वर्ष जाणार. आणि आमच्याकडं वर्षभर घरी बसलेली मुलगी पुन्हा कॉलेजात जात नाही. कुणी मुद्दाम अडवत नाही. पाहुणे यायला लागतात, चहा होतो, कुणीतरी म्हणतं पोरगी रिकामीच आहे ना, आणि गोष्ट आपोआप पुढे सरकते. माझ्या आत्यानं तर सुरुवातही केली होती. आदिलाबादच्या वर्गातली ती जागा ज्या मुलीनं सोडली होती, तिचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. पण त्या बसमध्ये मला सारखं वाटत होतं की मी तिच्या जागेवर जाणार आहे की तिच्या वाटेनं, ते या प्लॅस्टिकवर अवलंबून आहे.

जुन्या कॉलेजातले क्लार्क चांगले होते. त्यांनी मला ओळखलं, बसायला सांगितलं, पेन काढलं आणि टीसीच्या पाठीवर लिहायला लागले. पेन घसरलं. त्यांनी दुसरं पेन घेतलं. मग शिक्का उचलून दाबून मारला. शिक्का उमटला, जांभळा, गोल, सुंदर. बाबांचा चेहरा उजळला. क्लार्कनी त्याच्यावरून नुसतं बोट फिरवलं, तर सगळा शिक्का त्यांच्या बोटावर आला.

"काका," बोट दाखवत ते म्हणाले, "हे काय करून ठेवलं तुम्ही?"

"खराब नाई होनार आता."

"खराब होत नाही, पण कामाचाही राहत नाही. आता डुप्लिकेट काढावा लागेल. सोपं आहे. मूळ दाखला हरवला म्हणून अर्ज करा, पोलीस ठाण्यातून तसं लिहून आणा. लगेच दुसरा देतो."

"पण हरवला नाई ना, साहेब. हा काय हाय."

"मलाही दिसतंय काका. पण आमच्याकडं दुसरा दाखला द्यायचा तर हरवला असंच लिहावं लागतं. लॅमिनेशन केलं, असा काही प्रकार आमच्या नियमात नाही."

"माया हातात हाय आन् हरवला काऊन म्हनू?"

मी बाबांना व्हरांड्यात नेलं. म्हटलं, बाबा, सगळेच असं लिहितात. ते नुसतं लिहायचं असतं. कुणी विचारत नाही. शनिवार आलाय. बाबा माझ्याकडं बघत राहिले. ते रागावले नव्हते. ते खरोखर विचार करत होते, हे मला त्यांच्या कपाळावरून कळत होतं.

"बाई," ते म्हणाले, "मी आजवर ठान्यात पाय नाई ठेवला. आपल्या घरातलं कोनीच नाई गेलं. तुया शिक्षनासाठी जाईन, त्याची लाज नाई. पन आपल्या नावानं ठान्यात पयल्यांदा काई लिवून देऊ, तं खोटं देऊ? मंग तू शिकून का करशीन?"

मला रडू यायला लागलं. ते म्हणाले, "रडू नको. पायतो मी."

आणि पाहायचं म्हणजे काय, तर ते परत आत गेले आणि क्लार्कच्या टेबलासमोरच्या बाकावर बसले. मांडीवर ती टीसी. क्लार्क म्हणाले, "काका, बसून काय होणार?" बाबा म्हणाले, "बसलो नाई साहेब. इचार करून राह्यलो." क्लार्कनी आणखी दोन मुलांची कामं केली. मग मान वर करून विचारलं, "झाला विचार?" "चालू हाय." जेवणाची सुट्टी झाली. क्लार्कनी डबा उघडला, एक पोळी आणि भेंडीची भाजी झाकणावर काढून बाबांपुढे सरकवली. बाबांनी आमची भाकरी आणि ठेचा त्यांच्यापुढे सरकवला. ठेचा खाऊन क्लार्कच्या डोळ्यांत पाणी आलं. ते नाक पुसत म्हणाले, "काका, तुम्ही फार तिखट माणूस आहात." आणि हात धुऊन ते स्वतःच प्राचार्यांच्या खोलीत गेले.

आज मी टेबलाच्या या बाजूला बसते तेव्हा मला त्या क्लार्कची फार आठवण येते. नियम त्यांनी केलेला नव्हता, मोडलाही नाही. ते फक्त उठून आत गेले. माझ्या शिक्षणात शिकवणाऱ्या लोकांचा वाटा आहेच, पण असे उठून आत गेलेले लोकही आहेत. त्यांची नावं मार्कलिस्टवर नसतात. मी ती मोजत बसत नाही, पण एखादं पोर समोर अडकलं आणि मला खुर्चीवरून उठायचा कंटाळा आला, की भेंडीची भाजी आठवते आणि मी उठते.

प्राचार्यांनी आम्हाला बोलावलं. बाई होत्या, वयस्कर, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी टीसी हातात घेऊन खिडकीच्या उजेडात धरली.

"केलंय मात्र छान," त्या म्हणाल्या. "एकही बुडबुडा नाही."

"दोनदा फिरवाले लावलं होतं मशीनमंदून," बाबा म्हणाले.

"हरवली असं लिहून द्यायचं नाही म्हणता?"

"हरवली असती तं दिलं असतं, मॅडम."

त्यांनी टीसी टेबलावर ठेवली. मग क्लार्कना म्हणाल्या, "मूळ प्रत परत घेतली, रद्द केली, नवीन दिली. असं लिहा. कारण खरं आहे तेच लिहा. सही मी करते." क्लार्क म्हणाले, "रद्द करायला रेघा मारायला हव्यात," आणि त्यांनी लाल पेन काढलं. प्लॅस्टिकवर लाल रेघही टिकेना. प्राचार्यबाई हसायला लागल्या. क्लार्कही हसले. शेवटी कात्री आली. क्लार्क कापायला लागणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "मी कापू का?"

त्यांच्या हातात कात्री दिली. त्यांनी टीसी टेबलाच्या कडेला नीट लावली, कापड बेततात तशी, आणि माझ्या नावाला धक्का न लावता वरचा कोपरा कापला. कापताना प्लॅस्टिकचा करकर आवाज झाला. मी त्यांच्याकडं बघायचं टाळलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

नवी टीसी साध्या कागदाची. पाठीवर ओळ, सही, आणि शिक्का, जो बोटावर आला नाही. बसमध्ये बाबांनी ती वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून दोन्ही हातांत आडवी धरली होती. कंडक्टरनं तिकिटाला हात पुढे केला तर म्हणाले, "पोरगी देईन. माये हात मोकळे नाई." आदिलाबादला उतरलो. त्या ओळखीच्या दुकानासमोरून जाताना यंत्र तापलेलं होतं, तोच वास येत होता. दुकानदारानं हाक मारली, "आओ काका, क्या है आज?" बाबा थबकले. ते वर्तमानपत्र छातीशी घट्ट धरत म्हणाले, "आज नाई, भाऊ," आणि चालू लागले.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सुपरिंटेंडेंट मॅडमनी टीसी पाहिली, मान हलवली, माझ्या बाकीच्या कागदांवर ती ठेवली, आणि एका दाभणानं सगळ्यांत मिळून दोन भोकं पाडली. माझ्या टीसीतून दाभण आरपार जाताना बाबांनी डोळे मिटले. मॅडमनी हिरवी दोरी ओवली, गाठ मारली, फाईल बंद केली.

बाबांनी माझ्या कानाशी विचारलं, "वापस कधी भेटते?"

मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "वो वापस नै मिलती बाबा. टीसी कॉलेज के पास रहती. यहाँ से जाएगी तब हम नई देंगे."

बाहेर लिंबाच्या सावलीत येऊन बाबा थांबले. मग म्हणाले, "म्हंजे तो आपल्यापाशी ठेवाचा कागदच नव्हता." मी म्हटलं, नव्हता. "मंग काऊन सांगितलं नाई कोनी?" आमच्या घरात सांगणारं कोण होतं? आम्ही सगळंच पहिल्यांदा करत होतो. जपायचं कसं हे बाबांना नीट ठाऊक होतं. काही कागद देऊन टाकण्यासाठीच मिळतात, हे त्यांना त्या दिवशी कळलं आणि मलाही.

आता माझ्या विद्यार्थ्यांच्या पालकांना मी हे पहिल्यांदा सांगते. मेमो जपा, जातीचा दाखला जपा, पण टीसीला हात लावू नका, ती आमची आहे. गेल्या आठवड्यातल्या त्या काकांनाही सांगितलं. त्यांच्या मुलाच्या शाळेत मी स्वतः फोन केला. हेडमास्तर ओळखीचे निघाले आणि काकांना कुठल्याही ठाण्यात जावं लागलं नाही. जाताना ते ती चकचकीत टीसी बघून मला म्हणाले, "मंग हे आता वायाच गेलं?" मी म्हटलं, "शाळेत परत द्या काका. पण देण्याआधी त्याचा एक फोटो काढून ठेवा. पोरगा मोठा झाला की दाखवा." त्यांनी लगेच, तिथंच, माझ्याच टेबलावर ठेवून काढला. फोटोत कवडशाचा पांढरा डाग आला. तो त्यांनी राहू दिला.

त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारी माझा पहिला वर्ग होता. प्रवेश झाला होता, पावती होती, सगळं झालं होतं. तरी बाबा माझ्याबरोबर आले. मी म्हटलं, आता कशाला? म्हणाले, "कागदाचं आता मले काई समजत नाई. वर्गात तुयं नाव पुकारलं म्हंजे झालं. तेवढं आयकतो अन् जातो."

वर्ग तळमजल्यावर होता, खिडक्यांना गज आणि बाहेर ऊन. बाबा खिडकीशेजारी भिंतीला टेकून उभे राहिले. मी आत जाऊन शेवटच्या बाकावर बसले. सगळ्या मुली एकमेकींना वर्षभर ओळखणाऱ्या. माझ्याकडं कुणी बघत होतं, कुणी नव्हतं. सर आले आणि हजेरी घ्यायला लागले. एक एक नाव जात होतं आणि माझं येत नव्हतं. मग आठवलं, मधून आलेल्याचं नाव शेवटी जोडतात. सरांनी पान उलटलं. हजेरीपटाच्या तळाशी पेनानं नवीन लिहिलेलं नाव त्यांनी वाचलं. आमच्याकडं कॉलेजात आडनाव आधी पुकारतात.

"वाघमारे..."

"हाव जी! हाजर!"

आवाज खिडकीबाहेरून आला होता. बाबा कित्येक वर्षं हिवाळ्यात कापसाच्या जिनिंगवर जायचे, आणि तिथं रोज सकाळी मुकादम आडनावानं हाक मारायचा. त्यांचा हात नकळत वर गेला होता. सगळा वर्ग खिडकीकडं वळला आणि हसू फुटलं. मी उभी राहिले. कान तापले होते. म्हटलं, "सर, मी. प्रज्ञा. ते माझे बाबा आहेत."

सर खिडकीशी गेले. मला वाटलं आता रागावतील. त्यांनी गजांतून बाहेर पाहिलं आणि विचारलं, "बाहर क्यों खड़े? धूप है. अंदर आओ, बैठो."

बाबांनी हात जोडले. "नाई साहेब. झालं मायं काम. पोरीचं नाव आयकलं." मग माझ्याकडं बघून, पूर्ण वर्गासमोर, आवाज जरा उंचावून म्हणाले, "जातो वं. दुपारून वावरात डवरा माराचा हाय."

सरांनी माझ्या नावापुढं खूण केली आणि फळ्याकडं वळले. मी वही उघडली. खिडकीतून बाबा दिसत होते, लिंबाखालून, सायकल स्टँडवरून, गेटाकडं चाललेले. आज त्यांच्या हातात पिशवी नव्हती. दोन्ही हात मोकळे होते, आणि चालताना ते मोकळे सोडलेले होते.